प्रतिसाद: डोंगरमाथ्यावर चुनखडक असतो का?

चुनखडक सखल भागातच सापडतो, हे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना-गडचांदूरकडं पाहून वाटणं साहजिक आहे. इकडं तो कपाशीच्या काळ्या मातीखाली आडवा पसरलाय. पण भाऊ, एव्हरेस्टचा ८,८४९ मीटरवरचा माथासुद्धा समुद्रात साचलेल्या चुनखडकाचाच आहे! भारताची भूमी आशियाला धडकली आणि समुद्रतळाचा तो गाळ वर उचलला गेला. त्यात ट्रायलोबाइटसारख्या समुद्री जिवांचे तुकडे सापडलेत.

आपला पैनगंगा खोऱ्यातला दगड मात्र त्याहूनही जुना, १०० कोटी वर्षांपलीकडचा. तेव्हा शंख-शिंपल्यांचे प्राणी जन्मलेच नव्हते, म्हणून इथल्या खाणीत शिंपले शोधू नका. शिवाय एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी गोठलेलं, दगड फारसा विरघळत नाही. इकडं पावसाचं पाणी भेगा रुंदावत आत उतरतं आणि चुना घेऊन विहिरीत येतं. पाणी तापवायच्या गंजाला (भांड्याला) पांढरा थर धरतो तो त्याचाच.