मदत हवी आहे: कोजागरीला गच्चीवर कराओके आणि नाच, गाणी कुठल्या क्रमाने लावू?

दुधात_चारोळी

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी डोंबिवलीत, ३८ बिऱ्हाडं. यंदा कोजागरीच्या गाण्यांचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण माझ्याकडे दोन स्पीकर आणि एक छोटा मिक्सर आहे. (भाचीच्या हळदीला घेतले होते. नंतर भाड्याने देऊन पैसे वसूल करू असा विचार होता. आजवर एक रुपया सुटलेला नाही.)

मागच्या वर्षी काय झालं ते सांगतो, म्हणजे अडचण कळेल. साडेसातला कराओके सुरू केला, फोन ब्लूटूथने जोडलेला. पहिले काका उठले, त्यांनी मुकेशचं दर्दभरं गाणं घेतलं. दुसरे काका उठले, त्यांनी त्याहून दर्दभरं. मग एक काकू 'लग जा गले' घेऊन आल्या आणि अंतऱ्यात वर अडकल्या. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि अख्ख्या गच्चीने 'सर, पर्सनल लोन चाहिए क्या' ऐकलं. मागून कुणीतरी 'हो!' म्हणून ओरडलं. त्या संध्याकाळी मनापासून टाळ्या पडल्या त्या एवढ्याच. साडेनऊला वैतागून मी 'झिंगाट' लावलं. पोरं उठली, बायका उठल्या, आता कुठे रंग चढतोय तोवर दहा वाजले आणि सेक्रेटरींनी बटण दाबलं. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच पुढ्यातलं ताट ओढून घेतलं.

येणारी माणसं साधारण १२०. सहा वर्षांपासून ऐंशीपर्यंत. निम्मे मालवण-रत्नागिरीकडचे, चार घरं विदर्भातली, सात-आठ गुजराती कुटुंबं, दोन मल्याळी. गुजराती मंडळी नवरात्रभर गरबा खेळून आलेली असतात, त्यांचे पाय आधीच सैल. बाकीच्यांना खुर्चीतून उठवायचं कसं, हा खरा प्रश्न. शिवाय कराओके बंद ठेवता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका ऑगस्टपासून सराव करताहेत, भिंतीतून ऐकू येतं.

गाण्यांच्या याद्या नेटवर हजार आहेत. मला यादीपेक्षा क्रम हवा आहे. कुठलं गाणं कधी लावायचं, आणि कराओके व नाच एकाच संध्याकाळी कसे बसवायचे?

कांदेपोहे

काकांना पहिला नंबर द्या आणि माइक बंद ठेवा. :)

टॉपबेस

कराड भागात चौदा वर्षं साउंड चालवतो. हळदी, वराती, वाढदिवस, कॉलेजची गॅदरिंग, सगळं. आमच्याकडे या धंद्याला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात, त्यामुळे शहरातल्या लोकांना आधीच धडकी भरते. तरी सांगतो.

तुमची चूक 'झिंगाट' उशिरा लावण्यात नाही. त्याच्याआधी काहीच तापवलं नव्हतं, ही चूक. ते गाणं २०१६ पासून माझ्या पेटीत आहे आणि अजून एकदाही पडलेलं नाही. पण एकदा वाजलं की पुढचं कुठलंही गाणं त्यापुढे फिकं वाटतं. मी ते शेवटून तिसरं ठेवतो. पाहुणे पहिल्या तासात तीनदा मागायला येतात. मी मान हलवतो आणि लावत नाही.

सुरुवातीला कुणीच नाचत नाही. त्या अर्ध्या तासात नाचायची गाणी लावली तर ती फुकट जातात, आणि परत लावली की शिळी. तेव्हा गुणगुणायची गाणी लावा, लोकांना बोलता येईल इतक्या आवाजात.

सगळ्यात आधी मैदानात येतात लहान मुलं. त्यांना 'गुलाबी साडी' द्या. २०२४ ला आलं, पण स्टेप पहिलीतल्या पोरीलाही पाठ असते. पोरं आली की त्यांना सांभाळायच्या निमित्ताने आया येतात. तिथे लगेच 'ऐका दाजिबा'. आता चाळिशीत असलेल्या बाईने हे गाणं कॉलेजात ऐकलेलं असतं, तिला हात धरून ओढावं लागत नाही. पुरुष सगळ्यात शेवटी. ते खुर्च्यांच्या मागे मोबाइल धरून व्हिडिओ काढत उभे असतात. त्यांच्यासाठी नागिणीची धून. पाच सेकंदांत एक तरी तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळतो आणि मग बाकीच्यांची लाज जाते. (ती धून १९५४ च्या 'नागिन'मधली. पुंगी वाटते, पण कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवलेली आहे. खऱ्या सापाचा काही संबंध नाही.)

मिश्र पब्लिकसाठी माझा हुकमी पत्ता: 'कोंबडी पळाली' लावा, दुसऱ्या कडव्याच्या आधी कट करा आणि थेट 'चिकनी चमेली' टाका. चाल एकच, संगीतकारही तेच अजय-अतुल, त्यामुळे सांधा कळत नाही. मराठी मंडळी पहिल्या अर्ध्यात ओरडतात, बाकीचे दुसऱ्या. तुमच्या गुजराती आणि मल्याळी शेजाऱ्यांना परकं वाटणार नाही.

कोळीगीतं सलग चार लावा, सुटी सुटी नको. 'सन आयलाय गो' पासून 'मी डोलकर' पर्यंत. त्या झुलत्या ठेक्यावर ऐंशीच्या आजीसुद्धा बसल्या जागी हात हलवतात. माझ्या अनुभवात महाराष्ट्रात याच्याइतकी सर्वांना चालणारी दुसरी वस्तू नाही. वरातीत तुमच्या विदर्भवाल्यांनाही चालते, समुद्र बघितलेला असो नसो.

पेटीवाली

मी पेटी शिकवते, म्हणून कराओकेपुरतं बोलते.

तुमच्या काकू अडकल्या त्यात त्यांचा दोष नाही. लताबाईंच्या मूळ पट्टीत गाणं हे बहुतेक बायकांच्या आवाक्याबाहेरचं काम आहे. रियाज नसलेल्या पन्नाशीच्या बाईने तिथे जायचं धाडसच करू नये. हल्लीच्या बऱ्याच कराओके अ‍ॅपमध्ये पट्टी वर-खाली करता येते. दोन किंवा तीन सुरांनी खाली आणा, गाणं तेच राहतं आणि गळा वाचतो. आणि तपासताना मुखडा गाऊन बघू नका. मुखडा सगळ्यांना जमतो. अंतरा वर जातो, तिथे माणूस उघडा पडतो. प्रत्येकाला आदल्या दिवशी बोलावून फक्त अंतऱ्याच्या दोन ओळी म्हणायला लावा, पट्टी ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. अडतीस घरांत गाणारे दहाच असतील, तासाभराचं काम आहे.

युगुलगीतात जास्त पंचाईत. पुरुषाला सोयीची पट्टी बाईला खाली पडते, म्हणून मधली निवडावी लागते. त्यातल्या त्यात सोपं म्हणजे 'अश्विनी ये ना'. 'गंमत जंमत'मधलं, किशोरकुमारांनी मराठीत गायलेलं. गाणारा बेसूर असला तरी चालतं, कारण 'ये ना' अख्खी गच्चीच म्हणते.

तरुण मुलं हमखास 'याड लागलं' मागतील. शक्यतो टाळा. 'सैराट'च्या संगीतासाठी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा वाद्यवृंद रेकॉर्ड केला होता. त्या व्हायोलिनांच्या जागी कराओके ट्रॅकवर की-बोर्ड कुईकुई करतो, आणि वरच्या सुरात मुलाचा आवाज फुटतो. दोन्हीकडून हसं.

कोजागरी आहे तर पहिला तास चंद्राला द्या की! 'शुक्रतारा मंद वारा' एखाद्या जोडप्याला द्या. 'चांदण्यात फिरताना', 'खोया खोया चाँद', 'आधा है चंद्रमा', 'तोच चंद्रमा नभात'. यातलं एकही नाचायचं नाही, पण टॉपबेस म्हणतात ती गुणगुणण्याची वेळ त्यात छान जाते.

निवृत्त_ऑडिटर

'तोच चंद्रमा' मध्ये चैत्रयामिनी आहे. कोजागरी आश्विनात येते. शिवाय ते गाणं 'सगळं तसंच आहे, प्रीती तेवढी उरली नाही' असं सांगतं. बायकोकडे बघत म्हणण्यासारखं नाही.

असो. मुद्द्याचं: दहा म्हणजे दहा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागेत ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि गच्ची ही बंदिस्त जागा नव्हे. वर्षातले काही दिवस बारापर्यंत सूट असते, जास्तीत जास्त पंधरा. तुमच्या जिल्ह्याच्या यादीत कोजागरी आहे का ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या. दहाच्या आतही निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. 'डॉल्बी' शब्द वाचून मला इथूनच धडधडायला लागलं.

टॉपबेस

काका, धडधडू नका, त्यांच्याकडे दोनच टॉप (साधे स्पीकर) आहेत, धडधडणारा बेस नाहीच. :) पण दहाचं बरोबर आहे. म्हणून उलटं मोजायचं. दहाला बंद, तर ९:४५ ला 'झिंगाट', त्याआधी पाऊण तास सलग नाच. कराओके ८ ते ९. त्यातही तीन गाणी झाली की एक नाचाचं मधे टाका, नाहीतर लोक जिन्यात जाऊन गप्पा मारतात. आणि रडक्या गाण्यांचा कोटा ठरवा. संध्याकाळभरात दोन. ज्याने आधी नाव दिलं त्याचं.

म्हापसेकार

गोव्याच्या लग्नात शेवटी बँडवाले 'मसाला' वाजवतात, कोंकणी-पोर्तुगीज उडती गाणी एकामागून एक. तेव्हा खुर्चीवर बसलेला माणूस एकतर आजारी असतो किंवा नवरीचा बाप. तुमच्या मालवणी मंडळींसाठी एक युक्ती. 'हांव सायबा पलतडीं वतां' हे जुनं दुलपद (गोव्याचं उडत्या चालीचं गाणं) लावा. नदीपलीकडे दामूच्या लग्नाला जायचंय, नावाड्या मला पोचव, असं गाण्यातली नाचणारी म्हणते. ते संपलं की 'बॉबी'तलं (१९७३) 'ना माँगू सोना चाँदी'. त्याच चालीवरून बेतलेलं आहे, हिंदीवाले लगेच ओळखतात. कोंबडी-चमेलीसारखीच जोडी, पण जोडीने नाचायची.

आणि आवाजाचं यंत्र: माइकवाला कधीही स्पीकरच्या पुढे उभा करू नका. पुढे आला की कान फाडणारी शिट्टी वाजते. स्पीकर पुढे, गाणारा मागे. लहान मुलं माइक घेऊन पळतात, म्हणून वायरचाच माइक बरा, तो तेवढाच लांब जातो.

दुधात_चारोळी

बाप रे, केवढं मिळालं. सगळ्यांचे आभार. आज बसून ठरवलं ते लिहितो, काही चुकत असेल तर सांगा.

साडेसातला हळू आवाजात चंद्राची गाणी, मूळ रेकॉर्ड. आठला कराओके, दहाच गाणी, पट्ट्या रविवारी ठरवणार. काकांशी बोललो. त्यांना तीन दर्दभरी हवी होती, एकावर तडजोड झाली. दुसरं 'अश्विनी ये ना' गातील, काकूंबरोबर. काकू म्हणाल्या, लग्नाला एकतीस वर्षं झाली, यांनी मला कधी 'ये ना' म्हटलं नाही, माइकवर तरी म्हणू दे. नऊपासून नाच: गुलाबी साडी, दाजिबा, नागीण, कोळीगीतं, दामूचं लग्न, कोंबडी. पावणेदहाला झिंगाट, त्यावर दोन गरबे, बंद.

दहानंतर दूध प्यायचं असतं बाराला, दोन तास मोकळे राहतात. तेव्हा स्पीकर नाही, काही नाही, ढोलकी आणि भेंड्या. विदर्भातल्या एका वहिनींकडे ढोलकी निघाली, चार वर्षं शेजारी राहून आम्हाला पत्ता नव्हता.

गाणी सगळी डाउनलोड करून लॅपटॉपवर घेतोय, वायरने जोडणार. फोन विमानात. आता लोनवाले काय करतील ते करोत.

शेवटची शंका: गच्चीवर विजेचा बोर्ड एकच आहे. त्यावरच स्पीकर, मिक्सर, लॅपटॉप, दोन हॅलोजन. आणि महिला मंडळाने तिथेच इंडक्शनवर वीस लिटर दूध आटवायचं ठरवलंय. झेपेल का?

निवृत्त_ऑडिटर

ढोलकीसुद्धा दहानंतर उघड्यावर वाजली तर शेजारची इमारत तक्रार करू शकते. भेंड्या बिनठेक्याच्या खेळा.

पेटीवाली

काकूंना 'अश्विनी' म्हणून हाक मारायची आहे का, की त्यांचं खरं नाव घालायचंय? नाव घालणार असाल तर तालात बसतंय का ते रविवारीच बघा.

टॉपबेस

स्पीकरचं काही नाही हो, तुमचे दोन टॉप फार वीज खात नाहीत. इंडक्शन मात्र एकटाच दोन हजार वॉट ओढतो. दूध उतू जायच्या आधी बोर्ड जाईल, आणि तो नेमका झिंगाटलाच जातो, हे लिहून ठेवा. दूध खाली गॅसवर आटवा, पातेलं वर आणा.

दुधात_चारोळी

वीस लिटरचं पातेलं, लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंतच. वर एक जिना आहे. उचलायला माणसं शोधतो.

कांदेपोहे

काकांना विचारा. एका दर्दभऱ्या गाण्याच्या बदल्यात उचलतील.