मदत हवी आहे : कँकरच्या मोहिमेतला १९०० फुटांचा आकडा आला कुठून?

पानफुटी
उद्या सेमिनार आहे आणि एका स्लाइडवर अडकलेय. एक रोगट झाड सापडलं की भोवतालची १९०० फुटांपर्यंतची सगळी झाडं तोडायची, असा नियम होता. सर हमखास विचारणार, १९००च का? प्लीज लवकर सांगा.

शेंडा
कँकर कशावरचा? सफरचंदावरही असतो. देश कुठला?

पानफुटी
लिंबूवर्गीय हो! आपला खैऱ्या. फ्लोरिडा.

बांधावरचा
खैऱ्याला कॉपर ऑक्सिक्लोराइड. पालवी फुटली की लगेच फवारा, आणि आधी नागअळी आवरा. तिने पोखरलेल्या पानात जिवाणूला वाट आयतीच मिळते. झाडं कशाला तोडायची?

पानफुटी
दादा, फवारणी नकोय, आकडा हवाय.

वळीव
पण मोहीम कुठली? पहिली १९३३ मध्ये यशस्वी झाली, दुसरी ऐंशीच्या दशकातली, तिसरी १९९५ ला मायामीत रोग सापडल्यावरची.

पानफुटी
लोक कोर्टात गेले ती.

वळीव
म्हणजे तिसरी. आधी १२५ फुटांचा नियम होता, अर्जेंटिनातल्या जुन्या निरीक्षणांवरून घेतलेला. रोग आवरेना, म्हणून मायामी भागात प्रत्यक्ष मोजणी केली. वादळी पावसाने जिवाणू खूप लांब जातो असं दिसलं. ३० दिवसांत होणाऱ्या नव्या लागणीपैकी सुमारे ९५ टक्के १९०० फुटांच्या आत सापडते, म्हणून २००० सालापासून तो आकडा. त्रिज्या आहे ही, व्यास लिहू नकोस. १२५ फुटांचं वर्तुळ जेमतेम एकरभर, १९०० चं २६० एकर.

शेंडा
त्या २६० एकरांत लोकांच्या परसातली धडधाकट झाडं होती, हे कोण सांगणार? पहिल्या झाडाला १०० डॉलरचं कूपन, पुढच्यांना प्रत्येकी ५५ डॉलर. १९८४ ला तर कँकर समजून रोपवाटिकांतली लाखो रोपं जाळली, नंतर तो वेगळाच रोग निघाला. सरकारी आकड्यांवर इतका विश्वास नको.

वळीव
१९८४ ची चूक निदानाची होती, अंतराची नव्हे. हा नियम फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ ला उचलून धरला.

शेंडा
धरला, पण रोग गेला का? जानेवारी २००६ मध्ये मोहीमच गुंडाळली.

वळीव
२००४ आणि २००५ च्या चक्रीवादळांनी रोग इतका पसरवला की तोडायचं तरी किती! ऑस्ट्रेलियात एमराल्डला २००४ ला हाच रोग आला, तिथे तोडूनच गेला.

पानफुटी
तुमचं भांडण नंतर. ९५च का, १०० का नाही?

वळीव
काही लागण त्याहून कितीतरी लांब सापडली होती. तीही धरायची तर शहरात एक झाड उरलं नसतं.

बांधावरचा
नागअळी फ्लोरिडात १९९३ ला पोचली. आधीच्या दोन्ही मोहिमांत ती जवळजवळ नव्हतीच. ताई, सरांना हेही सांगा.