‘लव’, ‘राठ केस’ आणि ‘पुरुषी’ संप्रेरके

अनुवादिका: रजोनिवृत्तीनंतर अँड्रोजेन (‘पुरुषी’ म्हटली जाणारी संप्रेरके) का वाढतात, याविषयीच्या रुग्णपत्रकाचा अनुवाद करताना ‘हर्सुटिझम’ (स्त्रीच्या चेहऱ्यावर-अंगावर पुरुषांसारखे केस येणे) आणि ‘व्हिरिलायझेशन’ (आवाज, डोक्यावरचे केस यांतही पुरुषांसारखे बदल होणे) या दोन्हींसाठी मी ‘पुरुषीपणा’ लिहिले. पत्रक तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते दोन्हीकडे खोडले. वेगवेगळे शब्द सुचवावेत.

नाडीपरीक्षा: खोडले ते योग्यच केले, कारण निदानाची दिशा या भेदावरच ठरते. हनुवटीवरचे केस वर्षानुवर्षे सावकाश वाढणे निराळे. काही महिन्यांतच आवाज घोगरा होणे, टक्कल पडू लागणे निराळे, आणि तेव्हा अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत गाठ आहे का, हे तातडीने पाहावे लागते. टेस्टोस्टेरॉन १५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले, की गाठीची शंका बळावते. मात्र गाठ नसलेल्या हायपरथेकोसिसमध्येही (अंडाशयातल्या पेशी जादा अँड्रोजेन बनवू लागतात, तो विकार) ते तितके चढू शकते. डीएचईए-एस, म्हणजे मुख्यतः अधिवृक्कात बनणारे संप्रेरक, फार वाढलेले असेल, तर संशय अधिवृक्कावर जातो. मी ‘अतिरोमता’ आणि ‘पुरुषीभवन’ सुचवतो.

काथ्याकूट: ‘अतिरोमता’ कोणत्या रुग्णाला कळणार? माझ्या मावशीने दवाखान्यात ‘लव वाढली आहे’ असे सांगितले. लव म्हणजे मऊ, बारीक केस, म्हणून डॉक्टरांनी वयाचा परिणाम म्हणून सोडून दिले. प्रत्यक्षात केस राठ आणि काळे होते. ‘आवाज बसलाय’ म्हटल्यावर गुळण्या करायला सांगितल्या. मुलाचा आवाज फुटतो, त्याला मिसरूड फुटते. साठीच्या बाईच्या तोंडून स्वतःसाठी ही क्रियापदे निघत नाहीत. सरळ ‘राठ केस’ लिहावे.

उंबरठा: माझा आक्षेप ‘पुरुषी’लाच आहे. ही संप्रेरके स्त्रीच्या शरीरातही तयार होतात आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटले तरी अंडाशय ती थोडीबहुत बनवतच राहते. ‘अँड्रोजेन’च ठेवावे.

धातुपाठ: ग्रीकमध्ये ‘अँड्र’ म्हणजे पुरुषच, आपण तोच अर्थ परक्या शब्दाआड झाकता आहात. ‘हॉर्मोन’च्या मुळाशी चेतवणे हा अर्थ आहे आणि ‘संप्रेरक’मधला ‘ईर्’ धातूही तेच सांगतो. इतका नेमका शब्द घडवणाऱ्या भाषेला ‘पौरुष-संप्रेरक’ जड का जावे?

उंबरठा: कारण मराठीत ‘पौरुष’ म्हणजे पराक्रम. तपासणीच्या अहवालात ‘पौरुष वाढले आहे’ असे वाचून आजींनी अभिनंदन स्वीकारावे काय?

अनुवादिका: ‘राठ केस’ घेतले. ‘व्हिरिलायझेशन’ची जागा अजून रिकामी आहे आणि पत्रक परवा छपाईला जाते.

काथ्याकूट: मग ‘रजोनिवृत्ती’ तरी कशाला? घराघरांत ‘पाळी गेली’ असेच म्हणतात.

धातुपाठ: ‘गेली’ आणि ‘चुकली’ यांत गल्लत झाली, तर जबाबदार कोण?