मदत हवी आहे: सातबाऱ्यावर नाव चुकलंय, ऑनलाइन दुरुस्ती कशी करायची? (तातडीचं)

बांधकरी: तिसऱ्यांदा अर्ज परत आला. शेरा एकच, 'कागदपत्रे अपूर्ण'. कोणती, ते लिहायला बोटं दुखतात बहुतेक. सोमवारच्या आत पाहिजे. कुणी केलंय का हे काम?

झेंडू: डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. गट नंबर टाका, पैसे भरा, डाउनलोड करा. पाच मिनिटांचं काम.

बांधकरी: उतारा नकोय हो, दुरुस्ती हवीय.

सातपुडा: चूक काय? तालुका कोणता? अर्ज कशावरून केला?

बांधकरी: वडिलांच्या आधारवर दत्तात्रय, उताऱ्यावर दत्तू. त्यामुळे शेतकरी ओळख क्रमांक अडलाय आणि सोसायटी पीककर्जाला तोच मागते. अर्ज केंद्रातल्या पोराने भरला, कशावरून ते माहीत नाही.

रिकामा_खुंट: एजंट गाठा, मोकळे व्हा. आमचं दोन दिवसांत झालं.

जुना_कारकून: एजंट काय स्वतःच्या सहीने आदेश काढणार? हस्तलिखित सातबाऱ्यावर आणि फेरफारावर (हक्क बदलाच्या नोंदीवर) काय नाव आहे ते आधी बघा. तिथे दत्तात्रय असेल तर संगणकीकरणात चुकलंय, म्हणजे लेखनप्रमाद. ई-हक्क या सरकारी पोर्टलवर चूक दुरुस्तीचा अर्ज असतो, पण जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांचा आदेश लागतोच. जुना उतारा जोडला नसेल तर अपूर्ण म्हणणारच. फेरफारातच दत्तू असेल तर प्रकरण वेगळं, मग तलाठ्याला भेटा.

सातपुडा: तलाठी नाही, आता ग्राम महसूल अधिकारी.

जुना_कारकून: पाटी बदलली, दोन गावांना मिळून माणूस एकच.

पाण्याची_टाकी: ऑनलाइनचं कौतुक आम्हाला सांगू नका. ई-पीक पाहणीचा (अ‍ॅपवर पीक नोंदवायचा) फोटो शेतात उभं राहून काढायचा आणि रेंज शोधायला टाकीवर चढायचं!

सातपुडा: फोटो रेंजशिवाय निघतो, नंतर अपलोड करता येतो. अ‍ॅप अपडेट करा.

पाण्याची_टाकी: अपडेट करायला रेंज लागते.

जुना_कारकून: विषयावर या. बांधकरी, जुने स्कॅन केलेले उतारे 'आपले अभिलेख' या सरकारी साइटवर मिळतात, पण सगळ्या तालुक्यांचे नाहीत. म्हणून तालुका विचारतोय.

बांधकरी: ट्रंकेत १९८९ चा उतारा सापडला, दत्तात्रयच आहे! फेरफार नंबरवर मात्र कसर लागलीय. आणि ओटीपी पुण्याच्या भावाच्या फोनवर जातो, तो उचलत नाही.

जुना_कारकून: नंबर तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळेल. उतारा घेऊन उद्या स्वतः जा. तालुका??

झेंडू: उतारा डाउनलोड झाला का मग?