घोंगडीला जंतुरोधक प्रक्रिया : हवी की नको?

खाडीकाठ (दापोली)
आम्ही घरगुती निवासातल्या पाहुण्यांना घोंगडी देतो. श्रावण लागला की कपाट उघडताच कुबट वास येतो, घडीच्या दुमडीवर पांढरी भुरी धरलेली असते. उन्हाचा पत्ता नाही, धुतली तर वाळत नाही. जिवाणू मारणाऱ्या चांदीची प्रक्रिया केलेले मोजे बाजारात मिळतातच. माझं मत स्पष्ट आहे : कोकणात विकायला येणारी घोंगडी तशी प्रक्रिया करूनच यावी. परक्या माणसाच्या अंगावर जाणारी वस्तू आहे ती.

रसायनशाळा
दादा, भुरी म्हणजे बुरशी. जिवाणूंसाठी केलेली प्रक्रिया तिला रोखेलच असं नाही. खरं दुखणं ओलाव्याचं आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास बाष्प पिते, तरी हाताला कोरडीच लागते. आपण फसतो आणि घडी घालून ठेवून देतो. त्यात घोंगडीला चिंचोक्याची खळ. बुरशीला आयतं खाद्य! चांदीचा विचार नंतर, आधी खळ काढून घ्या.

घाटमाथा
खळ काढली की ताठपणा गेला, मग ती घोंगडी कसली? आणि चांदी धुण्यात सुटत जाते. ते पाणी परसातून व्हाळात, व्हाळातून खाडीत. चांदीचे आयन पाण्यातल्या जिवांना घातक असतात, आणि कालवं, मुळे असे शिंपले आपण तिथलेच खातो. अमेरिकेत २०१६ साली ट्रायक्लोसान हे जंतुरोधक रसायन हात धुण्याच्या साबणातून काढायला लावलं, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस असल्याचं उत्पादकांना दाखवता आलं नाही. इथेही आधी फायदा दाखवा.

खाडीकाठ
बुरशीचं पटलं. पण घामाचा वास जिवाणूंमुळेच येतो ना? सकाळी एक पाहुणा गेला, संध्याकाळी दुसरा हजर. घोंगडी रोज कशी धुणार? गरम पाण्यात घातली तर आटून नमदा होतो.

रसायनशाळा
मग कायटोसान बघा. कोळंबीच्या सालांपासून होतं, आणि आपल्या किनाऱ्यावर सालांना तोटा नाही. सौम्य आम्लात विरघळतं. त्याच्यावरचा धन भार जिवाणूच्या ऋणभारित आवरणाला चिकटतो आणि ते आवरण फुटतं. नुसतं लावलं तर धुण्यात फार टिकत नाही, लोकरीशी बांधायला जोडरसायन लागतं.

घाटमाथा
कोळंबीची सालं लावलेली घोंगडी शाकाहारी पाहुण्याला न सांगता द्यायची? मला पटत नाही. त्यापेक्षा सुती खोळ घाला, खोळ रोज धुवा. घोंगडीला उघडीप मिळेल तेव्हा ऊन दाखवा.

खाडीकाठ
खोळ घातली तर लोकर अंगाला लागणार कशी? ती खरखर हवी म्हणून घोंगडी मागणारे पाहुणे आहेत माझ्याकडे. मी प्रक्रियेच्याच बाजूने आहे. मात्र काय लावलंय आणि किती धुण्यांपर्यंत टिकतं, हे चिठ्ठीवर छापलेलं नसेल तर माल घेणार नाही.