ढोल पथकातल्या ट्रान्स मुलाबद्दल सल्ला हवा (घरी माहीत नाही)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात नवीन वादकांची बॅच मी बघतो. सराव नदीपात्रात, म्हात्रे पुलाजवळ. यंदा अकरावीतला एक मुलगा आलाय. फॉर्मवर आणि आधारवर मुलगी. ढोल ताणताना आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हणाला, "दादा, इथे मला आर्यन म्हणाल का? पण घरी कळता कामा नये." (नाव अर्थातच बदललंय.) मी हो म्हटलं. हात चांगला आहे त्याचा, टिपरूला जोर आहे, थापी अजून कच्ची.

घोडं अडलंय ते हजेरीपाशी. अठराच्या आतल्या वादकांच्या पालकांचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, रोज रात्री हजेरीची यादी तिथे पडते. नवं नाव टाकलं तर घरी कळणार. जुनं पुकारलं की त्याचं "हजर" इतकं बारीक येतं, की शेजारच्यालाही ऐकू जात नाही.

दुसरं, तो छातीला क्रेप बँडेज आवळून येतो. त्यावर कमरेला ढोल आणि दोन तास सराव. परवा चौथ्या हाताला (ठेक्याला) धाप लागून खाली बसला, ओठ पांढरे पडले होते. आमच्या एका ताईने बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं.

तिसरं, बाहेरगावी वादनाची सुपारी आहे, एक रात्र मुक्काम. त्याला झोपायला कुठे द्यायचं?

गणवेशाचा प्रश्न नाही, सगळ्यांना एकच झब्बा आणि फेटा. बाकी पोरं ठीक आहेत, दोघं-तिघं मागून टोमणे मारतात. कमिटीतले एक काका मात्र म्हणतात, "कशाला नसती झंझट, अठरा पूर्ण झाल्यावर ये म्हणावं." मला हे पटत नाही. पण त्यांना काय सांगू?

प्रतिसाद १, मुक्ता_सदाशिव
मी किशोरवयीन मुलांसोबत काम करते. हजेरीची यादी नावाने नको, नंबरने टाका, आणि सगळ्यांचीच. एकट्याची वेगळी केलीत तर तीच चर्चा होईल. पुकारतानाही नंबर, नाहीतर आडनाव. कोणाकोणाला सांगायचं ते त्याला ठरवू दे, तुम्ही कमिटीतही आपणहून बोलू नका. घरी मारहाण वगैरे कानावर आलं तर 1098, म्हणजे मुलांची हेल्पलाइन. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर मात्र गप्प बसता येत नाही, पोक्सो म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली कळवावंच लागतं. हे त्याला आधीच सांगून ठेवा.

प्रतिसाद २, निवांत_नऱ्हे
मी स्वतः ट्रान्स पुरुष आहे. क्रेप बँडेज आजच बंद करायला सांगा. हालचालीबरोबर ते आणखी आवळत जातं, श्वास अपुरा पडतो, बरगड्यांना इजा होते. सरावाला साधी स्पोर्ट्स ब्रा, वर सैल झब्बा. ढोल पुढे असतो, कोणाला काही दिसत नाही. हे त्या ताईंनी सांगितलं तर बरं. आणि धाप लागली होती ना, मग एकदा डॉक्टरांना दाखवा.

प्रतिसाद ३, वकीलसाहेब
काकांना सांगा, 2014 च्या नालसा या ट्रान्सजेंडर हक्कांवरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केलाय. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कसंरक्षण कायद्यात 'आस्थापना' म्हणजे नुसत्या कंपन्या नाहीत, संस्था-ट्रस्टही आले, आणि त्यांना भेदभाव करायला मनाई आहे. नव्या नावाने हाक मारायला ट्रान्सजेंडर ओळखपत्र लागत नाही. कागदपत्रांच्या भानगडीत तुम्ही पडू नका.

प्रतिसाद ४, पेठेतला_पप्पा
मला दोन मुलं आहेत. पालकांपासून लपवणं बरोबर वाटत नाही. उद्या काही झालं तर बोट तुमच्याकडे. आणि पुण्यात ट्रान्स वादकांचं शिखंडी पथक 2024 पासून आहे ना, तिकडे का नाही पाठवत?

धागाकर्ता
@पेठेतला_पप्पा, चिंता समजते. म्हणूनच संपर्क क्रमांक, संमतीपत्र, डॉक्टरांची माहिती सगळं पालकांचंच ठेवलंय, त्यात काही लपवलेलं नाही. पण मुलगा घरी काय बोलत नाही, ते मी जाऊन सांगायचं? शिखंडीबद्दल आदर आहे. पण याचे शाळेपासूनचे मित्र आमच्याकडे आहेत आणि त्याला त्यांच्याच रांगेत वाजवायचंय.

हजेरी आजपासून नंबरवर, सगळ्यांची. काकांना आवडलं, म्हणाले लवकर उरकतं. 😀 बँडेजचं ताई बोलणार आहेत. मुक्कामाचं अजून लटकलेलंच आहे.

मुक्ता_सदाशिव
आधी त्यालाच विचारा, कुठे बरं वाटेल. अठराच्या आतली मुलं मोठ्यांबरोबर एका खोलीत नकोत, हा नियम तसाही हवाच. बाथरूमला आतून कडी हवी. आणि रात्री घरी जायचं म्हणाला तर गाडीची सोय आधीच करून ठेवा, निघताना धावपळ नको.

धागाकर्ता
उद्या सरावानंतर विचारतो. बाहेरगावच्या आयोजकांना खोल्यांचं आजच कळवलंय, त्यांचं उत्तर आलं की इथे टाकतो.