सराव पाठ आणि प्रत्यक्ष वर्ग

शिक्षक होण्यासाठी शिकणारे छात्राध्यापक शाळेत निरीक्षकांसमोर जे सराव पाठ घेतात, ते म्हणजे निरीक्षकांसाठी केलेले नाटक, असे एक मत आहे; मला ते अर्धेच पटते. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील आंतरवासितेला (शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याच्या अनुभवाला) बराच काळ मिळू लागला. त्यामुळे निरीक्षक निघून गेल्यानंतरचा वर्गही छात्राध्यापकाच्या वाट्याला येतो, आणि खरे शिक्षण तिथेच होते.

करवीर तालुक्यातील एका शाळेत सहावीला शेकडेवारी शिकवताना पस्तीस मिनिटांचे माझे टाचण, म्हणजे आधी लिहून ठेवलेला पाठाचा आराखडा, अठराव्या मिनिटाला संपले. हातात खडू, फळ्यावर जागा नाही (फलकलेखनाचे गुण मात्र चांगले मिळाले होते), आणि मागच्या बाकांवर कुजबुज सुरू. तेवढ्यात एका मुलाने विचारले, “सर, आमच्या गुऱ्हाळात शंभर किलो उसाला बारा किलो गूळ पडतोय, म्हंजे बारा टक्केच की?” मी फळा पुसला आणि उरलेला तास उताऱ्यावरच, म्हणजे उसातून किती गूळ पडतो यावरच, घेतला; दोनशे किलोंना किती, दहाच किलो पडला तर किती, हे मुलेच एकमेकांना विचारू लागली. टाचणात या उदाहरणाला जागा नव्हती, कारण ते टाचण मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून लिहिले होते. पुढची टाचणे मी मुलांशी बोलूनच लिहिली.